केमिकल पेटंटला ‘माहिती अपुरी’ म्हणून हरकत घेताय? या चुका टाळा

अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत द्राक्षावरची बुरशीनाशकं बनवणाऱ्या एखाद्या छोट्या युनिटला वकिलाची नोटीस येते. तुमचं अमुक मिश्रण आमच्या पेटंटमध्ये मोडतं, उत्पादन थांबवा आणि आजवरच्या विक्रीचा हिशेब द्या, असा मजकूर असतो. मालक घाबरतो. युनिटचा केमिस्ट मात्र पेटंट उघडून वाचतो, दोन-तीन दिवस लॅबमध्ये घालवतो आणि सांगतो, ‘साहेब, यात लिहिलंय तसं केलं तर हे बनतच नाही.’

केमिस्टचं हे म्हणणं खरं असेल तर त्याला कायद्यात मोठी किंमत आहे. पेटंट म्हणजे 20 वर्षांची मक्तेदारी, आणि ती मिळते ती शोध कसा करायचा हे जगाला नीट सांगण्याच्या बदल्यात. सांगितलंच नसेल तर मक्तेदारीचा आधारच जातो. तरीही या मुद्द्यावरच्या अनेक हरकती टिकत नाहीत. पेटंट भक्कम असतं म्हणून नव्हे, तर केमिस्टचं म्हणणं कायद्याला तपासता येईल अशा रूपात मांडलेलं नसतं म्हणून. कोणत्या क्लेमचा (पेटंटात ज्यावर हक्क सांगितलाय त्या कलमाचा) कोणता भाग, कोणाला, कोणत्या तारखेला करून दाखवता येत नव्हता, या चार गोष्टी हरकतीत असायलाच हव्यात. पुढच्या बहुतेक चुका यातली एखादी सुटल्यामुळे होतात.

कलम कोणतं, हे न बघता मुद्दे ओतणं

पेटंट कायदा, 1970 मध्ये ही गोष्ट एकाच ठिकाणी लिहिलेली नाही. कलम 10(4) अर्जदारावर जबाबदारी टाकतं: शोध, त्याचा वापर आणि तो करण्याची पद्धत पूर्ण आणि नेमकी सांगा, आणि तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत उघड करा. कलम 10(5) म्हणतं की क्लेम स्पष्ट हवेत आणि स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे शोधाचं वर्णन करणाऱ्या कागदपत्रात, जे सांगितलंय त्यावर रास्तपणे आधारलेले हवेत. ही झाली अर्जदाराची कर्तव्यं. हरकतदाराचे मुद्दे वेगळ्या कलमांत आहेत.

पेटंट मिळण्याआधीची हरकत कलम 25(1) खाली आणि मिळाल्यानंतरची 25(2) खाली घेतली जाते. दोन्हीकडे (ग) म्हणजे जी हा खंड आपल्या कामाचा: स्पेसिफिकेशनमध्ये शोध किंवा तो करण्याची पद्धत पुरेशी आणि स्पष्ट सांगितलेली नाही. यादी संपताना कायदा बजावतो की याशिवाय दुसऱ्या कोणत्याही मुद्द्यावर हरकत चालणार नाही. ‘सर्वोत्तम पद्धत लपवली’ किंवा ‘क्लेम रास्तपणे आधारलेला नाही’ हे मुद्दे त्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत. ते आहेत कलम 64 मध्ये, म्हणजे पेटंट रद्द करण्याच्या अर्जात किंवा प्रतिदाव्यात. 64(1) च्या एच खंडात अपुरी माहिती आणि लपवलेली सर्वोत्तम पद्धत हे दोन्ही येतं, तर आय खंडात क्लेमची व्याप्ती अस्पष्ट असणं आणि आधार नसणं.

म्हणून कंट्रोलरसमोरच्या, म्हणजे पेटंट ऑफिसच्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यासमोरच्या, हरकतीत रुंद क्लेमचा मुद्दा मांडायचा तर तो ‘आधार नाही’ एवढ्यावर सोडू नका. ‘क्लेमच्या या भागासाठी करण्याची पद्धतच सांगितलेली नाही’ असं म्हणून तो जी खंडात बसवा. मजकूर तोच राहतो, पण समोरच्याला ‘हा मुद्दा यादीतच नाही’ असं म्हणून तो उडवून लावता येत नाही.

मंच निवडतानाही घाई नको. पेटंट मिळण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतं, अगदी द्राक्ष बागायतदारांचा गटसुद्धा. ती फेटाळली गेली तर हरकतदाराला त्यावर अपील नाही. मिळाल्यानंतरची हरकत फक्त हितसंबंधी व्यक्तीला घेता येते, तीही पेटंट मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात. ही तारीख पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये मिळते, आणि जर्नल दर शुक्रवारी निघतं. पेटंट रद्द करण्याचा अर्ज पूर्वी आयपीएबीकडे, म्हणजे बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे, जायचा. ते 2021 मध्ये बंद झालं, आता उच्च न्यायालयात जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ॲलॉयस वोबेन प्रकरणात स्पष्ट केलंय की एकाच व्यक्तीला नंतरची हरकत आणि कलम 64 खालचा अर्ज किंवा प्रतिदावा हे दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरता येत नाहीत. समोरच्याने नाशिकच्या जिल्हा न्यायालयात उल्लंघनाचा दावा लावला आणि तुम्ही पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केलात, तर कलम 104 नुसार सगळं प्रकरण उच्च न्यायालयात जातं. खर्चाचा अंदाज बांधताना हे आधीच धरा.

आणखी एक घोटाळा वारंवार होतो. नाशिक मुंबई पेटंट ऑफिसच्या हद्दीत येतं, म्हणून हरकत मुंबईत अँटॉप हिलला दाखल करायची असं लोक गृहीत धरतात. हरकत जाते ती मूळ अर्ज ज्या ऑफिसात आहे तिथे. दिल्लीच्या एजंटमार्फत परदेशी कंपनीने केलेला अर्ज बहुतेक वेळा दिल्लीतच असतो.

उदाहरणाशी भांडणं आणि क्लेम विसरणं

पेटंटमधलं उदाहरण क्रमांक 3 चालत नाही, एवढ्यावर पानंच्या पानं लिहिलेली हरकत पाहिली की वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते आणि नेम चुकलेला असतो. बाकीची सहा उदाहरणं चालत असतील तर कंट्रोलर म्हणणार, शोध करता येतो. आधी क्लेम 1 घ्या, त्याची रुंदी मोजा, मग उदाहरणं त्या रुंदीवर कुठे कुठे पडतात ते बघा.

नवीन रेणूंच्या पेटंटमध्ये हे सहज दिसतं. क्लेममध्ये एक सांगाडा असतो आणि त्यावर वेगवेगळे रासायनिक गट बसवण्याच्या आर-वन, आर-टू अशा जागा. समजा पाच जागा आहेत आणि प्रत्येक जागी 20 पर्याय दिलेत. 20 चा पाचवा घात म्हणजे 32 लाख संयुगं. स्पेसिफिकेशनमध्ये संश्लेषण मात्र चौदा संयुगांचं, आणि त्या चौदांतही आर-फोरच्या जागी प्रत्येक वेळी मिथाइलच. क्लेममध्ये त्या जागी हेटेरोॲरिलही आहे. मग प्रश्न असा विचारा: आर-फोरला पिरिडिल (हेटेरोॲरिलपैकीच एक गट) असलेलं संयुग करायचं तर लागणारं मध्यवर्ती रसायन कुठून आणायचं? ते बाजारात मिळत होतं का? त्याची कृती अर्जाच्या तारखेआधीच्या कुठल्या पुस्तकात, लेखात होती का? नसेल आणि स्पेसिफिकेशनमध्येही नसेल, तर तुम्ही ठोस जागी बोट ठेवलंय. ‘32 लाख संयुगं करता येणार नाहीत’ हे वाक्य मात्र एकटं पुरत नाही. कुशल माणसाला तीच पद्धत थोडी बदलून बाकीची करता येतील, असं उत्तर येतं आणि पुष्कळदा ते खरंही असतं.

परदेशी निकाल इथे समजुतीसाठी उपयोगी पडतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1895 मध्ये विजेच्या दिव्याच्या पेटंटवर निकाल दिला होता. एडिसनच्या प्रतिस्पर्ध्यांचा क्लेम होता दिव्यातल्या तंतूसाठी सगळ्या तंतुमय आणि वस्त्रजन्य पदार्थांवर, आणि एडिसनच्या माणसांना हजारो वनस्पती तपासून शेवटी बांबूची एक जात गवसली होती. क्लेम फारच रुंद ठरला. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने ॲम्जेन विरुद्ध सॅनोफीत तोच धागा पुढे नेला: 26 प्रतिपिंडं नेमकी सांगून तेच काम करणारी सगळी प्रतिपिंडं मागता येणार नाहीत, जितकं मागाल तितकं करून दाखवता आलं पाहिजे. हे जरूर सांगा, पण अमेरिकी वकिलांच्या निवेदनातले वँड्स खटल्याचे (माहिती पुरेशी आहे का हे ठरवण्याचे अमेरिकी) आठ निकष जसेच्या तसे चिकटवू नका. आपल्या कलम 64 मध्ये मापदंड लिहिलेला आहे: त्या क्षेत्रातलं सरासरी कौशल्य आणि सरासरी ज्ञान असलेली भारतातली व्यक्ती. ‘भारतातली’ हा शब्द कायद्यातच आहे आणि हरकतदार तो क्वचितच वापरतात. एखादं सर्फॅक्टंट (मिश्रण नीट मिसळायला-पसरायला मदत करणारं रसायन) केवळ एका परदेशी कंपनीच्या व्यापारी नावाने दिलंय, रासायनिक रचना दिलेली नाही आणि त्या काळी ते भारतात मिळत नव्हतं, तर हा मुद्दा लावून धरा.

सिनर्जीचे आकडे न तपासणं

द्राक्षावरच्या डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठीच्या मिश्रणांची पेटंटं बहुतेक ‘सिनर्जी’वर उभी असतात. कलम 3(ई) नुसार नुसत्या मिश्रणाला पेटंट नाही. घटकांच्या गुणांच्या बेरजेपलीकडचं काही मिळायला हवं. म्हणून अर्जदार सिनर्जीचा तक्ता देतो, आणि बहुधा कोल्बीचं 1967 चं सूत्र वापरतो: अपेक्षित नियंत्रण = क्ष + य − (क्ष × य ÷ 100). समजा, ‘अ’ एकटं 60 टक्के नियंत्रण देतं आणि ‘ब’ एकटं 50 टक्के. अपेक्षित येतं 60 + 50 − 30 = 80. प्रत्यक्षात 88 आलं तर सिनर्जी म्हणायला जागा आहे. 81 आलं तर मात्र किती वेळा प्रयोग केला, किती झाडं घेतली, आकड्यांत किती चढउतार होता, हे कळल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही.

तक्ता वाचताना आधी एकेकट्या घटकाचे आकडे आणि त्यांचे डोस दिलेत का ते बघा. ते नसतील तर सूत्र लावताच येत नाही. डोस मिश्रणातल्या डोसइतकेच हवेत. एकट्याचे आकडे फार वर असतील, समजा 95 आणि 90, तर अपेक्षितच 99.5 येतं आणि सिनर्जी दिसायला जागाच उरत नाही. सगळ्यात शेवटी बघा प्रमाण. क्लेम म्हणतो अ आणि ब 1:50 ते 50:1, आणि तक्त्यातली सगळी मिश्रणं 1:4 ची. मग 1:30 ला आणि 20:1 ला मिश्रण तुम्ही स्वतः करून बघा. 1:30 ला अपेक्षित 72 आणि प्रत्यक्ष 70 आलं, तेही पुन्हा पुन्हा, तर हरकतीचा कणा तुमच्या हातात आलाय.

आता इथेच एक बारीक पण महत्त्वाची चूक होते. ‘सिनर्जिस्टिक’ हा गुण क्लेमच्या शब्दांत आहे का? असेल तर 1:30 ला सिनर्जी मिळत नाही म्हणजे क्लेमचा तो भाग करून दाखवता येत नाही, आणि मुद्दा अपुऱ्या माहितीचा होतो. क्लेममध्ये फक्त ‘अ आणि ब असलेलं मिश्रण’ एवढंच असेल, तर 1:30 चं मिश्रण कोणीही बनवू शकतं. ढवळलं की झालं. मग करता येत नाही म्हणणं चुकीचं, आणि तेच आकडे 3(ई) आणि शोधकल्पकतेच्या (शोध कुशल माणसाला सहज सुचणारा नसावा, या अटीच्या) मुद्द्याखाली मांडावे लागतात. युरोपीय पेटंट ऑफिसच्या अपील मंडळाने 1995 मध्ये ॲग्रेव्हो प्रकरणात तणनाशक संयुगांबाबत हीच वाटणी केली होती. तो निर्णय आपल्यावर बंधनकारक नाही, पण विचार स्वच्छ आहे. आपल्याकडे मी तरी एकच प्रयोग दोन्ही मुद्द्यांखाली, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत, मांडायचा सल्ला देईन.

प्रयोग केला, पण पुरावा झाला नाही

पेटंटमधली कृती लॅबमध्ये करून बघायला बरेच जण घाबरतात. ती भीती सोडा. कलम 47(3) नुसार केवळ प्रयोग किंवा संशोधनासाठी पेटंट असलेली वस्तू किंवा प्रक्रिया वापरायला मुभा आहे. त्या बॅचमधला माल विकायचा नाही, एवढं पाळा.

प्रयोग फसवण्यासाठी करू नका. पेटंटमध्ये ‘वाढीव तापमानाला ढवळा’ असं असेल आणि तुम्ही फक्त 40 अंशांना करून ‘स्फटिक आले नाहीत’ म्हणालात, तर समोरचा तज्ज्ञ 70 अंशांना करून दाखवेल आणि तुमची सगळी हरकत संशयात पडेल. कुशल माणूस जे जे सहज करून बघेल ते सगळं करा: 40, 60, 80 अंश, पाठ्यपुस्तकात सापडणारे दोन-तीन विद्रावक, हळू आणि जलद थंड करणं, बीजस्फटिक टाकून आणि न टाकता. एवढं करूनही क्लेममधली स्फटिकरूपं आली नाहीत आणि एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये क्लेमचे टू-थीटा आकडे (स्फटिकाची ओळख पटवणारे कोन) दिसले नाहीत, तर त्या अपयशाला वजन येतं.

प्रयोगवहीत प्रत्येक कच्च्या मालाचा पुरवठादार, बॅच नंबर, शुद्धतेचं प्रमाणपत्र आणि उपकरणाच्या कॅलिब्रेशनची तारीख हवी. पानांवर क्रमांक आणि सह्या त्याच दिवशीच्या. फसलेले प्रयोगही फाडू नका, तेच तर तुमचं म्हणणं आहे. शपथपत्र शक्यतो युनिटच्या नोकरीत नसलेल्या माणसाचं द्या. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयातले फॉर्म्युलेशन किंवा सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक चालतील. त्यांनी निकाल नुसता वाचून सही करू नये, प्रयोगाला उभं राहावं. कलम 79 नुसार कंट्रोलर तोंडी साक्ष आणि उलटतपासणीही घेऊ शकतो, तेव्हा ‘मी स्वतः पाहिलं’ म्हणणारा साक्षीदार हवा. आणि फार मोठ्या नावामागे धावू नका. त्या विषयातल्या जगद्विख्यात तज्ज्ञाला जमलं नाही हे प्रभावी वाटतं, पण मापदंड सरासरी कौशल्याचा आहे.

हंगाम आणि मुदत यांचा मेळ न घालणं

हे नाशिकसाठी खास. डाऊनीवरचा शेतातला प्रयोग ऑक्टोबर छाटणीनंतरच्या ओलसर दिवसांतच अर्थपूर्ण होतो. समजा पेटंट मिळाल्याचं जानेवारीत प्रसिद्ध झालं. हरकतीची मुदत पुढच्या जानेवारीपर्यंत. ऐन मुदत संपत आलेली असताना एकच हंगाम हाती लागतो, आणि पाऊस झाला नाही तर तोही वाया. निवेदन आणि पुरावा हरकतीसोबत द्यायचा असतो. पेटंटधारकाच्या उत्तरानंतर तुम्हाला मिळतो तो फक्त प्रत्युत्तराचा पुरावा, आणि त्यापुढे काही द्यायचं तर नियम 60 नुसार कंट्रोलरची परवानगी लागते. ‘शेतातले निकाल नंतर देऊ’ हे गृहीत धरू नका.

म्हणून तोडलेल्या पानांवरचे लॅबमधले प्रयोग लगेच सुरू करा. ते हंगामावर फारसे अवलंबून नसतात आणि पुन्हा पुन्हा करता येतात. दिंडोरी किंवा निफाडच्या बागेत प्लॉट घ्यायचाच असेल तर आधी कीटकनाशक नोंदणीच्या नियमांत काय बसतं ते तपासा आणि निर्यातीचा प्लॉट कधीही घेऊ नका. नोंदणी नसलेल्या मिश्रणाचा अंश त्या घडांत सापडला तर शेतकऱ्याचं वर्ष बुडेल. प्लॉटवरची फळं विकली जाणार नाहीत हे शेतकऱ्याशी आधी लेखी ठरवा आणि त्याची भरपाई द्या.

‘हे तर उघडच होतं’ आणि ‘हे करताच येत नाही’ एका दमात म्हणणं

सर्वांत जास्त हरकती इथे स्वतःच्याच पायात अडकतात. पान 6 वर लिहितात की हे मिश्रण कोणत्याही कुशल माणसाला सुचलं असतं. पान 11 वर लिहितात की तोच कुशल माणूस ते बनवू शकत नाही. पेटंटधारक दोन्ही वाक्यं शेजारी ठेवतो आणि बसतो.

दोन्ही मुद्दे घेता येतात, पण पर्याय म्हणून: कुशल माणसाचं ज्ञान इतकं होतं की स्पेसिफिकेशनमधल्या फटी तो भरू शकला असता, असं पेटंटधारक म्हणत असेल, तर त्याच ज्ञानाने शोधही उघड होता. ज्ञान तितकं नव्हतं म्हणत असेल, तर फटी तशाच राहतात. ही कोंडी नीट रचली तर फार परिणामकारक ठरते, आणि तिचं साहित्य पेटंटधारकानेच देऊन ठेवलेलं असतं. इनपास या सरकारी शोधसेवेवर अर्जाची कागदपत्रं फुकट बघता येतात. पहिल्या परीक्षण अहवालाला अर्जदाराने दिलेलं उत्तर उघडा. शोधकल्पकता सिद्ध करताना तिथे बहुधा असं काही सापडतं: ‘या क्षेत्रात विद्रावकातला छोटा बदलही निकाल पूर्ण बदलतो, परिणामांचा अंदाज बांधता येत नाही.’ हे वाक्य तुमच्या हरकतीत ठळकपणे उद्धृत करा. अंदाज बांधता येत नसेल तर एका विद्रावकाच्या उदाहरणावरून सगळ्या ‘ध्रुवीय विद्रावकां’चा क्लेम कसा काय करून दाखवता येतो? याचं उत्तर त्याला द्यावं लागेल. एकच पेटंट अनेक देशांत असतं, तेव्हा तिथल्या परीक्षकांना दिलेली उत्तरंही मिळवून वाचा.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

उत्पादन कमी आलं, 22 टक्केच मिळालं, ही तक्रार इथे चालत नाही. कायदा करता येणं बघतो, कारखान्यात परवडणं नाही. टंकनातली उघड चूकही मुद्दा होत नाही. 60 अंशांऐवजी 600 छापलं असेल तर कुशल माणूस ती मनातच दुरुस्त करतो. कणांचा आकार ‘डी-50 (मध्यक आकार) दोन ते पाच मायक्रॉन’ दिलाय आणि मोजण्याची पद्धत दिली नाही, हा मुद्दा मात्र सोडू नका. लेझर डिफ्रॅक्शन आणि मायक्रोस्कोपने वेगळे आकडे येतात, अल्ट्रासोनिकने विखुरलं की आणखी वेगळे. पण उच्च न्यायालयात तो आधी आय खंडातल्या अस्पष्ट व्याप्तीखाली मांडा. मोजण्याच्या पद्धतीवर कृतीच अवलंबून असेल तर एच खंडाखालीही.

पेटंटधारक चार वर्षांनंतर केलेले नवे प्रयोग शपथपत्रासोबत आणेल, हे धरूनच चाला. त्यावर ‘ते खोटे आहेत’ म्हणून तुटून पडू नका. तारखेवर बोला. अर्जाच्या तारखेला स्पेसिफिकेशनमध्ये जे होतं त्याला नवे आकडे दुजोरा देऊ शकतात, पण तिथे नसलेली कृती ते नंतर भरून काढू शकत नाहीत. कलम 59 नुसार मूळ स्पेसिफिकेशनमध्ये उघड न केलेला मजकूर दुरुस्तीने घालता येत नाही. प्रत्येक नव्या आकड्यापुढे लिहा: हे मूळ कागदात कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत आहे?

तुमचा मुद्दा भक्कम असेल तर बऱ्याचदा पेटंटधारक क्लेम आवळतो. 1:50 ते 50:1 चं 1:3 ते 1:5 होतं. तेव्हा लढाई पुढे चालवण्याआधी आपल्या उत्पादनाकडे बघा. तुमचं मिश्रण 1:10 चं असेल तर ते आता शब्दशः क्लेमच्या बाहेर आहे. वकिलाकडून तेवढं लेखी मत घ्या, दुरुस्तीचा अंतिम आदेश हातात येऊ द्या, आणि मगच ठरवा की उरलेल्या क्लेमवर आणखी पैसे घालायचे की थांबवलेली बॅच पुन्हा लावायची.